पुढच्या दाताची कॅप पक्की बसवण्याआधी या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत लग्न ठरलं की पुढच्या दाताची जुनी कॅप सगळ्यांना खुपायला लागते. मग आठ दिवसांत बदलून द्या, असा डॉक्टरांकडे लकडा सुरू होतो. निम्मा घोळ या घाईनेच होतो.

सर्वांत जास्त तक्रार हिरडीलगतच्या काळ्या रेषेची. आत धातू आणि वर पोर्सिलेन अशी कॅप असेल, तर हिरडी मागे सरकल्यावर धातूची कड दिसू लागते. ती कीड समजून लोक ब्रशने खसाखसा घासतात; त्याने रेषा जात नाहीच, हिरडी मात्र आणखी सरकते. खरा उपाय म्हणजे धातूविरहित नवी कॅप. पण रूट कॅनालनंतर आतला दात काळवंडलेला असेल, तर पातळ, पारदर्शक सिरॅमिकमधूनही ती काळपट छटा डोकावते. तिथे आतला रंग झाकणारं झिरकोनिया (कमी पारदर्शक, मजबूत सिरॅमिक) बरं. ‘सगळ्यांत महाग तीच कॅप द्या’ म्हणण्याऐवजी आतल्या दाताचा रंग कसा आहे, ते विचारा.

रंग जुळवायचा तो कॅपसाठी दात घासून लहान करण्याआधी. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात. तेव्हा निवडलेली शेड पुढे फिकी ठरते. लिपस्टिक पुसून जा, आणि शेड दिवसाच्या उजेडातही बघा. दात ब्लीच करायचे असतील तर ते आधी, आणि त्यानंतर किमान दोन आठवडे थांबून कॅपची शेड घ्या. ब्लीचने कॅपचा रंग बदलत नाही.

कॅप पक्की चिकटवण्याआधी आरसा मागा. खिडकीपाशी उभे राहा, हसा, बोला, सोबत आलेल्या माणसालाही दाखवा. संकोच अजिबात नको. एकदा सिमेंट पक्कं झालं की कॅप बहुतेक वेळा कापूनच काढावी लागते, म्हणजे खर्च पुन्हा.

दाताचा उडालेला टवका लहान असेल तर कॅपऐवजी कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरावाने, भरता येतो. मात्र चहा, हळद, पान यांचे डाग त्यावर लवकर चढतात.

कॅपभोवतीची हिरडी लाल, सुजलेली राहत असेल, तर रंगाची चर्चा बाजूला ठेवा. कॅपची कड नीट बसली नसेल किंवा सिमेंट आत अडकलं असेल. एक्स-रे काढून घ्या. दुसरं मत हवं असेल तर इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवता येईल.