जुन्या फोटोतला पूल वाचताना या चुका टाळा

ठाण्यात जुने फोटो जमवणाऱ्यांच्या बैठकींना मी बरीच वर्षं जातोय. फोटोत पूल दिसला रे दिसला की कुणीतरी म्हणतंच, ‘पूल म्हणजे दोन मनं जोडणं.’ फोटो नीट बघायच्या आधीच अर्थ तयार! नवीन मंडळींची ही घाई मला सहन होत नाही.

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक म्हणजे अर्धवट पुलाला तुटलेला समजणं. एका मुलाने आजोबांच्या पेटीतला वाशी खाडीचा फोटो आणला होता. पाण्यात ओळीने खांब, वर काहीच नाही. त्याने त्यावर विरहाचा मोठा परिच्छेद लिहिला होता. शेजारी वाशीगावच्या एक आगरी आजी बसल्या होत्या. फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, “यो तुटलेला नाय रं पोरा, बांधतान अजून.” नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 साली आली आणि हा पूल 1973 मध्ये सुरू झाला. मुंबईकरांना तो नव्या शहराचा दरवाजा वाटला. आजींना मात्र तो बघून गेलेली भातशेती आणि मिठागरं आठवली. तेव्हापासून मी आधी फोटो कुठल्या काठावरून काढलाय ते शोधतो, मग प्रतीकाबद्दल बोलतो.

दुसरी चूक दर एप्रिलमध्ये मोबाइलवर फिरते: ठाण्याच्या खाडीवरच्या कमानींच्या पुलावर वाफेचं इंजिन आणि खाली ‘भारतातली पहिली रेल्वे’. अहो, 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यातच थांबली. खाडी ओलांडून कल्याणला रेल्वे पोचली 1854 मध्ये. मग ठाण्याच्या खाडीपुलावरची गाडी पहिली कशी असेल? तो पूल घाटाकडे सरकणाऱ्या रेल्वेची खूण आहे, शुभारंभाची नव्हे.

रिकामा पूल म्हणजे एकाकीपणा नव्हे. एकोणिसाव्या शतकात फोटो काढताना कॅमेऱ्यातली काचेची प्लेट काही सेकंद उघडी ठेवावी लागे, चालणारी माणसं उमटतच नसत. गुळगुळीत पाण्याचंही तेच, त्यात शांती शोधू नका. आणि वाशीच्या फोटोत रेल्वेपूल दिसला, तर तो फोटो 1965 चा म्हणून खपवू नका. तिथे लोकल 1992 मध्ये आली.

मी भिंग घेऊन आधी खांबांचा तळ बघतो. ओला काळा पट्टा पाण्याच्या वर दिसला की ओहोटी. त्या मुलाच्या फोटोत असाच पट्टा होता, आणि डाव्या कोपऱ्यात चिखलात कलंडलेली एक होडी. आजी तेव्हा पलीकडे होडीनेच जात. त्याच्या परिच्छेदात होडीचा उल्लेखच नव्हता.