बसायचंय पण कमी घ्यायचीय? मग या चुका टाळा

शिमगा असो, मे महिन्यातली हळद असो की मुंबईवरून चाकरमानी आलेले असोत, कोकणात चार माणसं जमली की बाटली निघतेच. आणि कमी करायचं ठरवलेला माणूस पहिल्याच बैठकीत फसतो, तो मनाने कच्चा असतो म्हणून नाही, तर त्याचा ग्लास दुसराच कोणीतरी भरत असतो म्हणून. पूर्ण सोडायची असेल तर उत्तमच, पण हे लिहितोय ते बैठक न सोडता माप कमी करू बघणाऱ्यांसाठी.

पहिली चूक म्हणजे बसल्या बसल्या जाहीर करणं, "मी आता कमी केलीय हां." झालं, पुढचा अर्धा तास विषय तुम्हीच. एकजण विचारणार बायलेन सांगल्यान काय, दुसरा नव्वदीतही रोज घेणाऱ्या कुठल्यातरी आजोबांचा किस्सा काढणार आणि तिसरा "अर्धो घे रे, काय होणा नाय" म्हणत ओततोसुद्धा. त्यापेक्षा ज्याच्या घरी बसायचंय त्याला दुपारीच फोन करून सांगून ठेवा, तो एक माणूस आपल्या बाजूने असला की पुष्कळ झालं. बैठकीत नुसतं "आज एवढीच" म्हणायचं आणि यंदा मोहोर कसा आहे ते विचारायचं, त्यावर अख्खी रात्र निघते. औषध चालू आहे वगैरे थापा मारू नका, पुढच्या वेळी "कोर्स संपला ना?" हा प्रश्न ठरलेला.

अर्ध्या ग्लासात परत ओतू देणं ही त्याहून वाईट सवय, कारण मग किती झाले ते तुम्हालाच कळत नाही. ग्लास पूर्ण संपल्याशिवाय भरायचा नाही आणि भरायचा तो स्वतः, मापाने. स्मॉल ३० मिली, लार्ज ६० मिली. अंदाजपंचे ओतणाऱ्या दोस्ताचा लार्ज कधी कधी ९० चा असतो, प्रेमच तेवढं असतं त्याचं.

"मी काय, फक्त बिअर घेतो"

इथे जरा हिशोब करूया, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच गंडतात. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची धरली तर त्यात साधारण ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ६० मिलीच्या लार्जमध्ये साधारण २६ मिली. म्हणजे एक बाटली बिअर बरोबर दोन लार्ज. दुपारपासून तीन बाटल्या "नुसत्या बिअर" मारणाऱ्याने जवळपास दोन क्वार्टर (१८० मिलीच्या) संपवलेल्या असतात आणि तो व्हिस्कीवाल्याला संयमावर लेक्चर देत असतो! दोडामार्ग-सावंतवाडीकडे उराकचं, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचं पण तेच, फेणीपेक्षा हलका म्हणून लिंबू, सोडा, चिरलेली मिरची घालून सरबतासारखा जातो आणि उठताना पाय सांगतात किती झाला ते.

उपाशीपोटी बसू नका. हळदीचं जेवण बाराच्या आत येत नाही हे माहीत असतं ना, मग घरून थोडा भात-आमटी जेवूनच निघा. आणि खारे शेंगदाणे, फरसाण, तळलेलं सुकट खाल्लं की तहान लागते, ती दारूने भागवायची नसते, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवा.

हात मोकळा ठेवला की कोणीतरी ग्लास देणारच, म्हणून त्यात काहीतरी हवं. आपल्याकडे आगळ असताना पॅकेटमधले गोड ज्यूस कशाला? ग्लासात चमचाभर कोकम आगळ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, वरून थंड सोडा हळूहळू, फेस येतो म्हणून. मीठ घालू नका, आगळात आधीच असतं, आणि बीपीवाल्यांनी आगळ पण बेतानेच घ्या. रंग असा येतो की लांबून कोणी विचारतही नाही काय घेतोयस.

आता श्रावणवाल्यांबद्दल. श्रावण पाळला, गणपतीत हात लावला नाही, फार चांगलं, पण विसर्जन झाल्यावर सगळी थकबाकी एका रात्रीत वसूल करायला बसतात. महिना-दीड महिना बंद असलं की शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वी पचणारी तीच क्वार्टर आता जास्त चढते. पुन्हा सुरू करायचीच असेल तर निम्म्याच्या आत ठेवा.

लिंबूपाणी, काळी कॉफी, विहिरीवर थंड अंघोळ, यातल्या कशानेही दारू लवकर उतरत नाही, यकृत आपल्या वेगानेच काम करतं आणि एक लार्ज निघायला साधारण दोन-तीन तास जातात. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, ती फार लवकर ओलांडते, त्यात आपले वळणावळणाचे रस्ते आणि मध्येच बसलेली गुरं. गाडी कोण चालवणार ते बाटली उघडायच्या आधी ठरवा. आणि घेतल्यावर समुद्रात उतरायचं नाही म्हणजे नाही, गुडघाभर पाण्यातसुद्धा.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. रोज भरपूर घेणाऱ्याने एकदम बंद केली किंवा फार कमी केली तर हात थरथरणं, घाम, भास, फिट असं काहीही होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. सकाळी उठल्यावर हात कापत असतील तर वरचे उपाय तुमच्यासाठी नाहीत, आधी डॉक्टर गाठा आणि त्यांच्या देखरेखीखालीच कमी करा. कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ वर टेली मानस आहे, फोन फुकट. फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सकाळपर्यंत थांबू नका, सरळ १०८ ला लावा.

बैठक तुमच्याच घरी असेल तर जेवण दहाला वाढा, आगळ-सोडा त्याच ट्रेमध्ये त्याच ग्लासांत ठेवा आणि "नको" म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नका.