पहिली ते चौथीच्या मुलांच्या घरी शाळेचा निरोप कसा पोचवावा

जून उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक प्राथमिक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार होतो आणि गणपती येईपर्यंत बरेच पालक तो म्यूट करून टाकतात. सुप्रभातची फुलं, हरवलेली पाण्याची बाटली, गृहपाठाचे फोटो आणि या ढिगाऱ्यात कुठेतरी ‘उद्या जंताची गोळी आहे, मुलांना नाश्ता करून पाठवा’ ही ओळ. ज्या घरी ती वाचली गेली नाही, तिथलं मूल संध्याकाळी सांगतं, ‘शाळेत गोळी दिली, पोटात दुखतंय.’ घर हादरतं, चार फोन होतात आणि मोठ्यांचे चेहरे पाहून मूलही घाबरतं. उद्या काय होणार हे सात वर्षांच्या मुलाला आदल्या रात्री घरच्यांकडून कळलेलं असलं, तर ते निर्धास्त शाळेत येतं. मी प्राथमिकला शिकवते. वेळेवर गेलेला निरोप म्हणजे मुलाच्या मनाची काळजी घेण्याची पहिली पायरी, असं माझं ठाम मत आहे. शिक्षक, मुख्याध्यापक, पालक-शिक्षक संघ, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, यांपैकी तुम्ही कोणीही असलात तरी पुढचं सगळं करता येण्यासारखं आहे.

आधी घरं समजून घ्या

प्रवेशाच्या फॉर्मवर मोबाइल नंबर असतो, पण तो फोन दिवसभर कोणाच्या हातात असतो हे तिथे लिहिलेलं नसतं. कोपरखैरण्यात, तुर्भ्यात अनेक घरांतले वडील माथाडी कामगार आहेत. ते पहाटेच बाजार समितीत जातात आणि घरातला स्मार्टफोन त्यांच्याबरोबर जातो. निरोप त्यांच्या खिशात पडून राहतो आणि मुलाला शाळेसाठी तयार करणाऱ्या आईला काहीच कळत नाही. म्हणून जूनच्या पहिल्या पालकसभेत प्रत्येक घराला चार प्रश्न विचारा: निरोप कोण वाचतं? कोणत्या भाषेत वाचायला सोपं जातं? फोन कधी उचलता येतो? फोन लागला नाही तर दुसरं कोण?

दिघा, कळवा, वागळे इस्टेट भागातल्या वर्गांत मराठीच्या जोडीला हिंदी लागतेच. जिथे आजीच मुलाला सांभाळते आणि तिला वाचता येत नाही, तिथे अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश पाठवा. पत्राच्या सुरुवातीला ‘आई-वडिलांनी’ लिहिण्याऐवजी ‘घरच्यांनी’ लिहा. वर्गात मामाकडे राहणारं मूल असतं, एकट्या आईबरोबर राहणारं असतं. पत्र वर्गात मोठ्याने वाचलं जातं तेव्हा त्या मुलाच्या डोळ्यांसमोर काय येतं, याचा विचार करा.

एक जागा, एक वेळ

ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील असं करा. पालकांना सभेतच सांगा: इथे रोज संध्याकाळी ७ वाजता, सांगण्यासारखं असेल तरच, एकच संदेश येईल. स्वतःच्या मुलाबद्दल काही विचारायचं असेल तर बाईंना वेगळा मेसेज करा, उत्तर दुसऱ्या दिवशी मिळेल. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना तो संदेश जातच नाही. तोच निरोप फाटकाजवळच्या फळ्यावर आणि मुलाच्या डायरीत हवा. ज्या घरात एकच फोन आहे, त्या घरासाठी डायरी अजूनही सर्वांत भरवशाची आहे.

निरोप लिहिताना

असा निरोप आपण सगळ्यांनी वाचला आहे: ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की दि. १२ रोजी आरोग्य तपासणी आयोजित करण्यात आली असून पाल्यास वेळेत उपस्थित ठेवावे.’ यातून आईला काय कळलं? तारीख तेवढी. आता हा पाहा:

‘शुक्रवारी, १२ तारखेला, डॉक्टर शाळेत येणार आहेत. वजन, उंची, दात आणि डोळे तपासतील. सुई टोचणार नाहीत. चष्मा असेल तर बरोबर द्या. काही औषध चालू असेल तर डायरीत लिहा. आज रात्री मुलांना एवढं सांगा: डॉक्टरकाका “आ कर” म्हणतील, फळ्यावरची अक्षरं वाचायला सांगतील, झालं.’

शेवटचं वाक्य विसरू नका. मुलाला काय सांगायचं याचे तयार शब्द पालकांच्या हातात दिलेत, की निरोप मुलापर्यंत पोचतो. सहल, स्नेहसंमेलन, बाई रजेवर जाणं, वर्गाची खोली बदलणं, प्रत्येक वेळी हेच करा. बाईंच्या रजेचं तर आवर्जून कळवा. पहिलीच्या मुलाला सकाळी अनोळखी चेहरा दिसला तर त्याचा अख्खा दिवस रडण्यात जातो.

अक्षर मोठं, वाक्यं छोटी, तारखेबरोबर वार. पीडीएफ शक्यतो नको. जुन्या फोनवर ती उघडत नाही आणि ती उघडण्याइतका वेळही कोणाकडे नसतो.

पावसाळ्याची तयारी जूनमध्येच

जुलैत रेड अलर्ट आला की सकाळी सहापासून सुटीच्या अफवा फिरायला लागतात. गेल्या वर्षीचं पत्रक तारीख झाकून पुन्हा पुढे येतं. नवी मुंबईत त्यात आणखी गुंता आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरहून नेरूळच्या शाळेत येणाऱ्या मुलाच्या घरी रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पोचतो आणि शाळा चालते ठाण्याच्या आदेशावर. म्हणून जूनमध्येच लिहून कळवा: सुटीची खबर फक्त या ग्रुपवर, मुख्याध्यापकांच्या नावाने येईल. तुमच्या घराजवळ पाणी भरलं असेल तर मुलाला पाठवू नका, गैरहजेरीबद्दल विचारणा होणार नाही. दुसरं वाक्य मुख्याध्यापकांकडून आधी मंजूर करून घ्या आणि मग पाळा.

घोडबंदर रोडवर बस अडकते तेव्हा घरी बसलेल्या आईचा जीव टांगणीला लागतो. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते. बसमधल्या ताईंनी कोणाला फोन करायचा आणि तिथून ग्रुपवर कोणी लिहायचं, हे समितीच्या बैठकीत ठरवून घ्या. ‘बस मानपाड्याला अडकली आहे, मुलं बसमध्ये आहेत, सगळी ठीक आहेत, अर्ध्या तासाने पुन्हा कळवते’ एवढं पुरतं. मात्र अर्ध्या तासाने खरंच कळवा, बस तिथेच उभी असली तरी.

तक्रारीच्या आधी कौतुक

शाळेचा नंबर स्क्रीनवर दिसला की पालकांच्या पोटात गोळा येतो, कारण शाळा फोन करते तीच काहीतरी बिघडल्यावर. हे बदलणं तुमच्या हातात आहे. दिवाळीच्या सुटीआधी प्रत्येक घरी एकदा तरी चांगली गोष्ट कळवा आणि ती नेमकी असू द्या. ‘हुशार आहे’ म्हणू नका. ‘आज शेजारच्या मुलीचा डबा सांडला तेव्हा त्याने न सांगता आपली अर्धी पोळी तिला दिली’ असं म्हणा. आठवड्याला तीन-चार घरं धरली तर सगळा वर्ग सहज होतो. पुढे कधी अडचणीचा फोन करावा लागला, तर समोरचं माणूस बचावाच्या पवित्र्यात उभं राहत नाही.

मूल बदललंय असं वाटलं तर

लहान मुलं ‘मला ताण आलाय’ असं म्हणत नाहीत. त्यांचं पोट दुखतं, तेही बहुधा सोमवारी सकाळी. डबा न उघडता परत जातो. सुटलेला अंगठा पुन्हा तोंडात जातो. बोलकं मूल गप्प होतं, गप्प असलेलं मारायला धावतं. एखाद्या दिवशी असं झालं तर सोडून द्या. दोन आठवडे तेच दिसत राहिलं तर तारखेसह वहीत टिपा आणि घरी फोन करा. फाटकावर, इतर आयांसमोर हा विषय काढू नका.

फोनवर सुरुवात अशी करता येईल: ‘ताई, तो बरा आहे, काही झालेलं नाही. गेले दोन आठवडे तो डबा खात नाहीये आणि मधल्या सुटीत एकटा बसतो. तुम्हाला घरी काही वेगळं जाणवलं का?’ पहिल्या वाक्याने आईचा श्वास खाली बसतो. मग जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच सांगा. ‘नैराश्य’, ‘चंचलता’ असले शब्द तुम्ही वापरू नका, ते डॉक्टरांचं काम आहे. प्रश्न विचारून थांबा. पलीकडे बराच वेळ शांतता असेल, ती भरून काढण्याची घाई करू नका. बऱ्याचदा त्यानंतरच कळतं की आजोबा गेले, वडिलांचं काम सुटलं, घर बदलतंय. फोन ठेवण्याआधी एक छोटी गोष्ट दोघींनी ठरवा, उदाहरणार्थ आठवडाभर त्याची जागा मित्राशेजारी, आणि पुढच्या फोनचा वार.

पालकांनीही वाट पाहू नये. घरात आजारपण, भांडण, बाळाचं येणं, काहीही असो, बाईंना एका ओळीत कळवा. कारण सांगायलाच हवं असं नाही. ‘घरी थोडी गडबड आहे, आठवडाभर जरा सांभाळून घ्या’ एवढं बस होतं. झोपेकडेही बघा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल हातात असेल तर त्याचा उपयोग होणार नाही.

घरातल्या कोणालाही मन मोकळं करायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो पालकसभेत सगळ्यांना द्या. निवडक घरांना दिलात तर ती घरं दुखावतात.

ग्रुपवर कधीच नको

गुण, थकलेली फी, मुलाचं आजारपण, ‘कालच्या मारामारीत कोण होतं’. फोटो टाकायचे तर आधी लेखी परवानगी घ्या. नाही म्हणणाऱ्या घराला कारण विचारू नका.

गंभीर प्रसंग

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघडकीला आली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या घराघरात भीती शिरली. त्या दिवसांत पालकांना सर्वांत जास्त बोचली ती शाळांची शांतता. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेने आधी अंतर्गत चौकशी करत बसायचं नसतं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास चालते, तो क्रमांक मुलांना तोंडपाठ असावा आणि डायरीच्या पहिल्या पानावर छापलेला असावा. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, त्याचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही कुठे लिहू नका. इतर घरांना त्याच दिवशी कळवा: एक तक्रार आली आहे, पोलिसांकडे दिली आहे, उद्यापासून शाळेत अमुक बदल होत आहेत, प्रश्न असतील तर मुख्याध्यापक अमुक वेळेला भेटतील. तेवढंच, पण त्याच दिवशी.

एप्रिलमधलं शेवटचं काम

परीक्षा संपल्यावर प्रत्येक मुलामागे पाच-सहा ओळींचा कागद पुढच्या वर्गाच्या बाईंसाठी तयार करा: निरोप कोण वाचतं, कोणती भाषा, कोणतं औषध, मूल कशाने घाबरतं, कशाने शांत होतं. घरच्यांनी विश्वासाने सांगितलेली खासगी गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय त्यात लिहू नका. कागद बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या आणि आपल्या वहीतल्या जुन्या नोंदी फाडून टाका. गंभीर तक्रारीशी संबंधित पानं मात्र तशीच मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्या.