घरी आर्केड मशीन बनवताय? पेटी सगळ्यात शेवटी करा

माझं पहिलं आर्केड मशीन, म्हणजे उभं राहून व्हिडिओ गेम खेळायची नाण्यावाली पेटी, दिसायला मोठं देखणं होतं. चार शनिवार-रविवार खपून पेटी उभी केली, कडा घासल्या, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि मग १८ मिमीच्या एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली) फळीला खालून जॉयस्टिक बसवली. दांडी जवळपास सगळी फळीच्या जाडीत गेली. वर राहिला तो गोळा, कुत्र्याची छत्री उगवल्यासारखा. पाच मिनिटं खेळलं की बोटांची पेरं फळीवर आपटायची. पेटीचं माप पक्कं झालेलं असल्यामुळे फळी बदलायची तर अर्धं मशीन खोलावं लागणार होतं.

दुसऱ्या वेळी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी खेळ ठरवले, मग हाताखालची फळी (जिच्यावर जॉयस्टिक आणि बटणं बसतात ती), मग पडदा, आणि पेटी शेवटी. तुम्हीही याच क्रमाने जा.

खेळ आधी का, तर जॉयस्टिक त्यावर ठरते. १९८० चा पॅक-मॅन आणि १९८१ चा डाँकी काँग हे चार दिशांचे खेळ आहेत. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅक-मॅन खेळलात की वळणावर हात जरासा तिरका जातो, मशीनला एकाच वेळी दोन दिशा कळतात आणि तुम्ही भुताच्या तोंडात जाता. ‘पूर्वी जमायचं, आता जमत नाही’ अशी हळहळ करणाऱ्या निम्म्या लोकांचा दोष वयाचा नसून जॉयस्टिकचा असतो, असं माझं ठाम मत आहे. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ ला मात्र आठही दिशा लागतात, वर प्रत्येक खेळाडूला सहा बटणं. दोन्ही खेळायचे असतील तर जिच्या खालची चौकोनी जाळी (दांडी कुठल्या दिशांना जाईल ते ठरवणारी चौकट) फिरवता येते अशी जॉयस्टिक घ्या. सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकची जाळी काढून ४५ अंशांत फिरवून बसवली की ती चार दिशांची होते. फक्त त्यासाठी प्रत्येक वेळी फळीखाली हात घालावा लागतो, म्हणून फळी बिजागरीवर उचलता येईल अशी ठेवा.

आता खोका घ्या, साधा पुठ्ठ्याचा. त्यावर बटणांच्या जागा आखा, भोकं पाडा, खरी बटणं आणि खरी जॉयस्टिक लावा आणि तो टेबलावर ठेवून आठवडाभर खेळा. हा आठवडा वाचवू नका. मी बटणं फूटपट्टीने सरळ रेषेत आखली होती. पण बोटं काही एका लांबीची नसतात. तिसऱ्या दिवशी मनगट दुखायला लागलं, तेव्हा हात खोक्यावर सैल ठेवून बोटांची टोकं पेन्सिलीने उतरवून घेतली आणि त्या कमानीवर बटणं बसवली. दोघांनी शेजारी उभं राहूनही बघा. माझा भाऊ आणि मी ६० सेंटीमीटरच्या फळीपुढे उभे राहिलो तर खेळ कमी आणि कोपरांची मारामारीच जास्त झाली. शेवटी फळी ७० ची केली. उंचीसाठी खोक्याखाली पुस्तकं रचत जा. खांदे न उचलता कोपर जरासं वाकलेलं राहील तिथे थांबा आणि जमिनीपासूनचं माप भिंतीवर लिहून ठेवा. माझं ९५ सेंटीमीटर आलं. नऊ वर्षांच्या मुलीसाठी मग एक पाटही केला.

खरी फळी कापताना दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वर पातळ धातूचा पत्रा आणि खाली त्याला आधार. दुसरा म्हणजे १८ मिमी फळीला खालच्या बाजूने राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खाच काढायची, अशी की जॉयस्टिकच्या जागी सहा-सात मिमी जाडी उरेल. मी दुसरा निवडला, कारण पत्रा नीट कापण्याइतकी सफाई माझ्या हातात नाही. बटणं घेतानाही जाडी बघा. नुसती दाबून खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, जाड लाकडात त्यांच्या पकडी उघडतच नाहीत. लाकडाला नटने आवळायची लांब गळ्याची बटणं हवीत.

जपानी पद्धतीच्या मोठ्या बटणाला ३० मिमीचं भोक लागतं, स्टार्टच्या छोट्या बटणाला २४. अमेरिकन पद्धतीची बटणं साधारण २८ ते २९ मिमीत बसतात, म्हणून बटण हातात आल्याशिवाय ड्रिल उचलू नका. होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडत असाल तर अर्धं भोक वरून आणि अर्धं खालून पाडा, नाहीतर पलीकडच्या बाजूला फळी फाटते. आधी टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून बटण बसतंय का बघा. आणि एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो, फुप्फुसात जातो. मास्क लावा आणि हे काम घराबाहेर करा.

वायरिंगची भीती बाळगू नका, हे या सगळ्यातलं सोपं काम आहे. प्रत्येक बटणाची एक वायर यूएसबी एन्कोडरच्या (कुठलं बटण दाबलं ते संगणकाला कळवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) आपापल्या खुणेला जाते आणि सगळ्या बटणांचं दुसरं टोक एकाच ग्राउंडच्या माळेत ओवायचं. बटणाखालच्या छोट्या स्विचला, म्हणजे मायक्रोस्विचला, तीन पाय असतील तर ‘कॉमन’ आणि ‘नॉर्मली ओपन’ हे दोनच वापरा. मी एका बटणाला चुकून ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडला होता. माझं विमान आपोआप गोळ्या झाडत सुटलं आणि बटण दाबलं की थांबायचं. वायरीच्या टोकांचे लग (बटणाच्या पायावर सरकवायच्या धातूच्या पकडी) घेताना रुंदी मोजा: जपानी बटणांना बहुधा २.८ मिमी लागतात, अमेरिकनना ४.८. दोघांसाठी दोन सारखे एन्कोडर लावले तर कधीकधी मशीन चालू करताना पहिला आणि दुसरा खेळाडू यांची अदलाबदल होते. दोघांचं काम एकाच बोर्डवर भागत असेल तर तोच घ्या.

पडद्याबाबत माणसं हमखास फसतात. जुने खेळ ४:३ आकाराचे, आणि पॅक-मॅनसारखे तर उभे, २२४ बाय २८८ ठिपक्यांचे. २४ इंची रुंद मॉनिटर मोठा वाटतो, पण त्यात ४:३ चित्र जेमतेम साडेएकोणीस इंची दिसतं आणि उभा खेळ पंधरा इंचांहून किंचित लहान. बाकी सगळी काळी पट्टी. कुठे पडून असलेला १२८० बाय १०२४ चा जुना १९ इंची मॉनिटर जवळपास तितकंच चित्र देतो आणि पेटी चांगली पंधरा सेंटीमीटर अरुंद होते.

जुनी खरी आर्केड पेटी हाती लागली असेल तर आधी मागून बघा. आतला बोर्ड चालत असेल तर कृपा करून करवत बाजूला ठेवा. १९८५ नंतरच्या बऱ्याच पेट्यांत आतला बोर्ड आणि पेटीच्या वायरी जोडणारा, जामा पद्धतीचा ५६ टोकांचा जोड असतो. त्यात बसणारं कार्ड घेऊन संगणक जोडता येतो, मूळ वायर कापावी लागत नाही. आणि पिक्चर ट्यूब असेल तर तिला हात लावू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्टचा दाब साठून राहू शकतो. ते काम जाणकाराचं.

संगणक म्हणून रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक किंवा घरातला जुना पीसी पुरतो. बटोसेरा किंवा रेट्रोपाय हे जुने खेळ चालवणारं सॉफ्टवेअर मेमरी कार्डावर टाकायचं, बटणं ओळखवायची, झालं. रास्पबेरी पायला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला अडॅप्टर द्या, आणि मशीनचा मुख्य स्विच खाटकन बंद करू नका, कार्ड बिघडतं. बंद करण्यासाठी एक बटण राखून ठेवा. मेम या इम्युलेटरची (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि खेळाच्या फायलींची आवृत्ती जुळली नाही तर खेळ उघडत नाही. खेळांवर मालकी हक्क असतात हेही ध्यानात ठेवा. ग्रिडलीसारखे काही खेळ मालकांनी बिगर-व्यापारी वापरासाठी मोकळे केले आहेत, बटणं तपासायला तेवढे पुरतात.

आता पेटी. पहिलं माप घराच्या दाराचं घ्या. हसू नका. दोन्ही बाजूंच्या फळ्या एकमेकींना क्लॅम्पने बांधून एकदमच घासा, म्हणजे आकार जुळतो. कडेला टी-मोल्डिंग (फळीची कड झाकणारी प्लास्टिकची पट्टी) लावायचं तर त्याची १.६ मिमीची खाच रंगाच्या आधी पाडा. १८ मिमी एमडीएफचा आठ बाय चार फुटांचा अख्खा तक्ता सुमारे ४० किलोचा असतो, तेव्हा तळाला चाकं हवीतच. वर आणि खाली हवेसाठी भोकं ठेवा.

मागचं दार महिनाभर तरी स्क्रूने आवळू नका. माझ्याकडे तिसऱ्याच दिवशी दुसऱ्या खेळाडूच्या चौथ्या बटणाचा लग निसटला, आठव्या दिवशी स्पीकरची वायर, आणि त्यानंतर मुलीने नाणं टाकायच्या फटीतून खरंच नाणं टाकलं. ते थेट एन्कोडरवर पडलं. आता त्या फटीखाली एक डबा आहे.