राउटरचे फर्मवेअर निवडण्याआधी तळाचे लेबल वाचा

वाय-फायची रेंज कमी पडते, वेग मिळत नाही, कंपनीकडून सुरक्षा-अपडेट येणे बंद झाले आहे, अशी तक्रार घेऊन कुणी आले की त्याला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : अमुक फर्मवेअर (राउटर चालवणारे त्याच्या आतले सॉफ्टवेअर) सर्वोत्तम आहे, ते टाका. हा सल्ला घातक आहे. राउटरच्या आत कोणती चिप आहे हे कळल्याशिवाय कोणते फर्मवेअर चांगले हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही, कारण ज्या फर्मवेअरने एका राउटरचे सोने होते तेच दुसऱ्यावर टाकल्यावर वाय-फाय मुळी चालूच होत नाही. म्हणून निवड फर्मवेअरपासून सुरू करू नये, हातातल्या वस्तूपासून करावी.

फायबर कंपनीने बसवून दिलेल्या ओएनटीला, म्हणजे फायबरची तार ज्यात येते त्या पेटीला, मात्र हात लावू नका. तो कंपनीचा असतो, फोनची सेवाही त्यातूनच चालते आणि त्याच्यासाठी बाहेरचे फर्मवेअर बहुधा मिळतच नाही. शक्य असेल तर तो ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम न करता जोडणी नुसती पुढे देण्याच्या स्थितीत) टाकून घ्या आणि त्याच्यामागे स्वतःचा राउटर लावा. पुढचे सगळे त्या स्वतःच्या राउटरबद्दल आहे.

पर्याय कोणते

विचारात घेण्याजोगी नावे चारच आहेत. ओपनडब्ल्यूआरटी हा २००४ पासून चालत आलेला प्रकल्प. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे २००३ मध्ये खुला करावा लागला, त्यातून तो उभा राहिला आणि त्याच्या नावातही त्या राउटरची खूण आहे. क्वालकॉम-अथेरॉस किंवा मीडियाटेकची चिप असेल तर मी दुसरीकडे पाहत नाही. असूसडब्ल्यूआरटी-मर्लिन असूसच्या ठरावीक मॉडेलांवरच चालते. ते कंपनीच्याच फर्मवेअरवर बांधलेले असल्यामुळे त्यात ब्रॉडकॉमचा बंदिस्त ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) आणि हार्डवेअरची गती दोन्ही शाबूत राहतात. यादीतला असूस हाती असेल तर प्रश्न तिथेच संपतो. फ्रेशटोमॅटो हे ब्रॉडकॉमच्या जुन्या राउटरांसाठी चांगले आहे. डीडी-डब्ल्यूआरटी सर्वांत जास्त मॉडेलांवर चालते असे सांगितले जाते आणि ते खरेही आहे, पण कोणत्या मॉडेलवर कोणता बिल्ड (तयार केलेली आवृत्ती) नीट चालतो हे शोधण्यात माणूस थकतो. ब्रॉडकॉमच्या ज्या राउटरला वरच्यांपैकी काहीच लागू पडत नाही, त्याच्यासाठीच मी ते सुचवतो.

इथे ब्रॉडकॉमचे नाव पुन्हा पुन्हा येते आहे, त्याला कारण आहे. या कंपनीच्या वाय-फाय चिपांसाठी पूर्ण क्षमतेचा खुला ड्रायव्हर उपलब्ध नाही. त्यामुळे अशा राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी बसले तरी वाय-फाय एक तर जुन्या, मंद पद्धतीने चालते किंवा चालतच नाही.

लेबल, आवृत्ती आणि नेमकी फाइल

बहुतेकांचे राउटर बिघडतात ते इथे, आणि बहुतेक मार्गदर्शक लेख ही पायरी एका ओळीत उरकतात. खोक्यावर छापलेले मॉडेलचे नाव म्हणजे राउटरची ओळख नव्हे. तीच पेटी, तेच नाव, तेच चार अँटेना ठेवून कंपन्या आतली चिप बदलतात आणि फक्त हार्डवेअर आवृत्तीचा आकडा वाढवतात. टीपी-लिंकचा आर्चर सी६ हे याचे आपल्याकडे घरोघरी दिसणारे उदाहरण आहे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे आणि तिसरीत मीडियाटेकची. दोन्ही खोकी शेजारी ठेवली तर वरून फरक कळणे कठीण, पण एकाची फाइल दुसऱ्याच्या काहीच कामाची नाही. त्यातही दुसऱ्या आवृत्तीचे अमेरिकी आणि युरोपीय असे वेगळे प्रकार आहेत आणि ओपनडब्ल्यूआरटीमध्ये त्यांच्या फाइलीही वेगळ्या आहेत.

म्हणून राउटर उलटा करा आणि तळाचे लेबल उजेडात धरून वाचा. मॉडेलच्या नावाजवळ किंवा सीरियल क्रमांकाच्या आसपास बारीक अक्षरांत ‘व्हर’ किंवा नुसता ‘व्ही’ आणि पुढे २.० किंवा ३.२० असा आकडा असतो. मॉडेलच्या नावापुढे कंसात प्रदेशाची अक्षरेही असू शकतात. हे सगळे जसेच्या तसे टिपून घ्या, शक्यतो लेबलचा फोटोच काढून ठेवा. खरेदीच्या पावतीवर किंवा विक्रीच्या संकेतस्थळावर दिलेल्या वर्णनावर विसंबू नका, कारण तिथे आवृत्ती बहुधा नसतेच, आणि असली तरी गोदामातून आलेली वस्तू तीच असेल याची खात्री कुणी देत नाही. जुना राउटर विकत घेणार असाल तर पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याकडून तळाचा फोटो मागवा. तो द्यायला तयार नसेल तर सौदा सोडून द्या.

आता ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरील हार्डवेअरच्या तक्त्यात ते मॉडेल शोधा आणि तीन रकाने वाचा. पहिला आवृत्तीचा. तुमचा आकडा तिथे अक्षरशः तसाच असला पाहिजे. ‘तिसरी चालते म्हणजे चौथीही चालेल’ हा तर्क पूर्णपणे चुकीचा आहे आणि तो देणाऱ्याचे पुढे काहीही ऐकू नये. दुसरा रकाना फ्लॅश (फर्मवेअर साठवण्याची जागा) आणि रॅमचा (चालू कामाची मेमरी). ४ एमबी फ्लॅश किंवा ३२ एमबी रॅमच्या राउटरांना आता आधार नाही, त्यांवर कुठूनतरी जुनी आवृत्ती आणून टाकणे म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली असुरक्षितता विकत घेणे. ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम ही कशीबशी तग धरणारी मर्यादा आहे. नवीन घ्यायचे असेल तर १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमच्या खाली जाऊ नका. तिसरा रकाना वाय-फाय चिपचा, त्याचे कारण वर आलेच आहे.

फाइल उतरवताना दोन प्रकार दिसतील. ‘फॅक्टरी’ ही कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाण्यासाठी असते आणि ‘सिसअपग्रेड’ ही आधीच ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरसाठी. ही अदलाबदल करू नका. उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ ठसा (फाइल जशीच्या तशी आहे का हे तपासण्याचा अंक-अक्षरांचा संकेत) संकेतस्थळावरच्या ठशाशी जुळतो का हेही पाहा. कंपनीच्या पानाने फाइल नाकारली तर तिचे नाव बदलून ती जबरदस्तीने गळी उतरवण्याचा सल्ला दिला जातो. काही मॉडेलांत नाव लहान करणे खरोखरच लागते, पण तसे त्या मॉडेलच्या पानावर लिहिलेले असेल तरच करा. नकाराचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की आवृत्ती किंवा प्रदेश जुळत नाही.

परतीचा रस्ता आधी तयार ठेवा

फ्लॅश करण्यापूर्वी, म्हणजे नवे फर्मवेअर टाकण्यापूर्वी, कंपनीचे मूळ फर्मवेअर उतरवून ठेवा आणि त्या मॉडेलच्या पानावरची रिकव्हरीची (बिघडलेला राउटर पुन्हा चालू करण्याची) कृती वाचून काढा, कारण इंटरनेट बंद पडल्यावर ते पान उघडायला मोबाइलचा डेटा तेवढा उरतो. टीपी-लिंकच्या अनेक मॉडेलांत संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन त्यावर टीएफटीपी सर्व्हर (नेटवर्कवरून फाइल देणारा साधा प्रोग्राम) चालवावा लागतो, रीसेटचे बटण दाबून ठेवून राउटर चालू केला की तो ठरलेल्या नावाची फाइल स्वतःहून मागून घेतो. हे जमत नसेल तर दोष बहुधा दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे संगणकाचा फायरवॉल. दुसरे कारण फारसे कुणी सांगत नाही : राउटर चालू होताच काही क्षणांतच फाइल मागतो, आणि तोवर संगणकाचे नेटवर्क कार्ड केबल जोडली गेल्याची दखलही घेत नाही. यावर साधा उपाय म्हणजे दोघांच्या मध्ये एक स्वस्तातला स्विच लावणे. स्विच चालूच असल्यामुळे संगणकाच्या बाजूची जोडणी तुटत नाही आणि राउटरची पहिलीच मागणी पोहोचते. पुढे कधी मूळ फर्मवेअरकडे परतायचे झाले आणि टीपी-लिंकच्या जुन्या मॉडेलच्या फाइलच्या नावात ‘बूट’ हा शब्द दिसला, तर ती ओपनडब्ल्यूआरटीतून थेट टाकू नका. तिच्या सुरुवातीला बूटलोडर (राउटर चालू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) जोडलेला असतो आणि तो आधी काढावा लागतो.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष फ्लॅश करणे सोपे आहे : वाय-फायवरून नव्हे तर केबलने जोडा, इन्व्हर्टरवर लावा, फाइल द्या आणि दिवे स्थिर होईपर्यंत हात लावू नका. त्यानंतर १९२.१६८.१.१ हे पान उघडून सर्वांत आधी पासवर्ड ठेवा. वाय-फाय सुरुवातीला बहुधा बंदच असते, ते बिघडलेले नसते.

रेंज

फर्मवेअर बदलून रेंज दुप्पट होते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. देशाचा कोड बदलून प्रक्षेपणाची शक्ती वाढवण्याचा जो सल्ला फिरतो तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय निरर्थकही आहे. वाय-फाय हे दुतर्फा संभाषण आहे. राउटरचा आवाज कितीही चढवला तरी फोनची शक्ती तेवढीच राहते, त्यामुळे फोनवर सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. देशाचा कोड भारताचाच ठेवा. २०१८ पासून आपल्याकडे ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टा परवान्याविना खुला झाला आहे आणि योग्य कोड दिला की त्यातले चॅनेल आपोआप दिसू लागतात.

चांगले फर्मवेअर खरोखर कामी येते ते चॅनेलच्या निवडीत. सोसायटीच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्‌झवर आजूबाजूच्या प्रत्येक फ्लॅटचे वाय-फाय एकमेकांवर चढलेले असते. ओपनडब्ल्यूआरटीच्या वायरलेस पानावर ‘स्कॅन’ दाबले की कोण कोणत्या चॅनेलवर किती जोरात आहे हे समोर येते. १, ६ आणि ११ यांपैकी सर्वांत मोकळा घ्या, मधला ३ किंवा ८ घेऊन दोन्हीकडच्यांना त्रास देऊ नका, आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा. ५ गिगाहर्ट्‌झवर ८० ठेवायला हरकत नाही. ५२ ते १४४ मधले चॅनेल निवडल्यास रडार आहे का हे ऐकण्यासाठी राउटर निदान एक मिनिट गप्प बसतो, तेव्हा वाय-फाय दिसेना म्हणून घाबरू नका.

आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडच्या खोलीत मात्र यातले काहीच पोहोचणार नाही. तिथे केबल ओढा आणि जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकून तो डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करून ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. रेंजसाठी फर्मवेअर बदलण्याचा याहून मोठा फायदा मला माहीत नाही.

वेग

तुमची तक्रार कोणती ते आधी ठरवा. घरात कुणी मोठी फाइल चढवत असताना व्हिडिओ कॉल अडखळत असेल, तर हवे ते एसक्यूएम, म्हणजे डेटाची रांग नीट लावणारी सोय. ते पॅकेज बसवून ‘केक’ ही पद्धत निवडा आणि केबलवर मोजलेल्या वेगाच्या साधारण ९० टक्के मर्यादा घाला. मोजणीत वेग थोडा कमी दिसेल, पण कॉल अडखळायचे थांबतील. उलट ५०० एमबीपीएसच्या वरची जोडणी असून पूर्ण वेग मिळत नसेल, तर फायरवॉलच्या पानावर फ्लो ऑफलोडिंग (सुरू झालेल्या डेटाला जवळच्या वाटेने सोडून प्रोसेसरचा भार कमी करणारी सोय) चालू करा. मीडियाटेकच्या एमटी७६२१ सारख्या चिपांत ते हार्डवेअरमध्येही होते. दोन्ही एकदम चालवू नका, कारण ऑफलोड झालेला डेटा एसक्यूएमला दिसतच नाही.

सुरक्षा

मे २०१८ मध्ये उघड झालेल्या व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने ५४ देशांतली किमान ५ लाख उपकरणे पोखरली होती आणि त्यांत घरगुती राउटरांचा मोठा भरणा होता. त्याच्या आदल्याच वर्षी डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षापद्धतीतला क्रॅक हा दोष बाहेर आला, तेव्हा चालू असलेल्या खुल्या प्रकल्पांनी काही दिवसांतच दुरुस्ती दिली, पण कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी राउटरांना ती कधीच मिळाली नाही. मला फर्मवेअर बदलण्याचे सर्वांत मोठे कारण हेच वाटते. डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा, घरातली सगळी उपकरणे नवी असतील तर फक्त डब्ल्यूपीए३. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वाय-फाय जोडण्याची सोय) चालू करू नका आणि राउटरचे पान इंटरनेटच्या बाजूने उघडे ठेवू नका. स्वस्तातले कॅमेरे आणि स्मार्ट बल्ब यांना वेगळे गेस्ट नेटवर्क द्या.

नवी स्थिर आवृत्ती आली की सेटिंगचा बॅकअप उतरवून घ्या आणि सिसअपग्रेडने पूर्ण फर्मवेअरच बदला. राउटरमधली सगळी पॅकेजे एकेक करून अपग्रेड करू नका, त्याने फ्लॅश भरते आणि राउटर सुरूच होत नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या २५.१२ या आवृत्तीपासून ‘अटेंडेड सिसअपग्रेड’ ही सोय बहुतेक राउटरांच्या मूळ फर्मवेअरमध्येच आहे. ती तुमच्या बसवलेल्या पॅकेजांसकट नवी फाइल तयार करून देते, त्यामुळे एसक्यूएम वगैरे पुन्हा बसवत बसावे लागत नाही.