उणे 80 अंशांच्या फ्रीझरची वीज कशी वाचवावी

प्रयोगशाळेतले नमुने साठवण्यासाठी उणे 80 अंश सेल्सिअसवर चालणारा जुना उभा फ्रीझर दिवसाला साधारणपणे 16 ते 25 युनिट वीज घेतो, आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत साठत असल्याने ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्रणेलाही जादा राबावे लागते. त्यामुळे फ्रीझरमध्ये वाचलेली वीज दोन ठिकाणी वाचते.

कामाची सुरुवात यंत्रापासून न करता आतल्या नमुन्यांपासून करावी. प्रत्येक कप्प्यात कोणाचे, कशाचे आणि कधीचे नमुने आहेत याची यादी करून तिची प्रत दारावर लावावी, कारण डबा शोधण्यासाठी दार उघडे ठेवून उभे राहण्याइतकी उधळपट्टी दुसरी नाही. यादी करताना संस्था सोडून गेलेल्यांचे बेवारस डबे हमखास सापडतात. ते ठरावीक मुदतीत कोणी मागितले नाहीत, तर प्रमुखांच्या लेखी संमतीने आणि जैवसुरक्षेचे नियम पाळून नष्ट करावेत. शुद्ध केलेला डीएनए उणे 20 अंशांवर दीर्घकाळ टिकतो, आणि ग्लिसरॉलमध्ये मिळणारी अनेक विकरेही (एन्झाइम) त्याच तापमानासाठी तयार केलेली असतात. अशा गोष्टी अतिथंड फ्रीझरमधून हलवाव्यात. इतके केल्यावर दोन अर्धवट भरलेले फ्रीझर पुष्कळदा एकात मावतात आणि एक कायमचा बंद करता येतो. बंद केलेले यंत्र ‘असू द्या, लागेल’ म्हणून पुन्हा रिकामेच चालू ठेवण्याचा मोह मात्र टाळावा; अडचणीच्या वेळेसाठी शेजारच्या प्रयोगशाळांत मिळून एकच राखीव फ्रीझर पुरतो.

दुसरी पायरी तापमानाची आहे आणि सर्वाधिक विरोधही तिलाच होतो. उणे 80 ऐवजी उणे 70 अंश ठेवल्यास सुमारे 30 टक्के वीज वाचू शकते. या यंत्रांत बहुधा दोन कॉम्प्रेसर एकापाठोपाठ जोडलेले असतात, आणि आत-बाहेरच्या तापमानातले अंतर जितके वाढते तितका वेळ त्यांना अधिक चालावे लागते. एकेकाळी उणे 65 ते 70 अंशांवरच काम भागत असे. पुढे यंत्रांची क्षमता वाढली, तसा 80 हा आकडा रूढ झाला. वीज गेल्यावर नमुने वितळण्याआधी हालचाल करायला वेळ कमी मिळेल, हा आक्षेप रास्त आहे, पण त्यावर भरलेला फ्रीझर आणि भरवशाची धोक्याची घंटा हाच अधिक चांगला उपाय आहे. बदल टप्प्याटप्प्याने करावा, घंटेची मर्यादाही त्याबरोबर बदलावी आणि आतले तापमान स्वतंत्र तापमापकाने पडताळावे. करार किंवा नियमांनी ज्यांचे तापमान ठरवून दिले आहे, ते नमुने या बदलातून अर्थातच वगळावेत.

देखभालीत कंडेन्सरची जाळी सर्वांत दुर्लक्षित राहते. तिच्यावर धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर थांबायचे नाव घेत नाही, म्हणून ती दर दोन-तीन महिन्यांनी साफ करावी. दाराच्या रबरी पट्टीत कागदाची चिठ्ठी अडकवून ओढून पाहावी. ती सहज निघून आली, तर पट्टी सैल झाली आहे किंवा तिच्यावर बर्फ साचला आहे. बर्फ साचलाच असेल, तर तो टोकदार हत्याराने न खरवडता प्लास्टिकच्या पट्टीने काढावा, आणि थर जाड झाल्यावर नमुने दुसरीकडे हलवून फ्रीझर पूर्ण वितळू द्यावा. यंत्राभोवती हवा खेळण्यासाठी माहितीपुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडावी. त्यावर खोक्यांचे ढीग रचू नयेत.

नवा फ्रीझर घेताना रोजचा विजेचा खप लेखी मागावा. प्रोपेन व इथेनसारखे हायड्रोकार्बन शीतक वापरणारी अनेक नवी यंत्रे जुन्यांच्या निम्म्याहून कमी विजेवर चालतात. आडवी, वरून उघडणारी पेटी जागा अधिक व्यापते, पण झाकण उघडल्यावर जड थंड हवा तळाशीच राहते. जुने यंत्र त्याच दिवशी बंद होणार नसेल, तर खरेदीने खप वाढेलच.

हे सगळे करण्यापूर्वी आणि केल्यानंतर, यंत्राच्या भाराला पेलेल असा वीजमापक लावून प्रत्येकी एक आठवडा खप मोजावा आणि दोन्ही आकडे यादीशेजारीच लिहून ठेवावेत.