गंभीर आजारी मुलाच्या घरी गेल्यावर काय पाहायचं, काय विचारायचं

हे लिहिलंय ते नर्स, आशाताई आणि घरभेटीला जाणाऱ्या स्वयंसेवकांसाठी. एक गोष्ट घरच्यांना आधीच सांगा: पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी, म्हणजे उपचार बंद नव्हे. निदान झाल्या दिवसापासून ती उपचारांच्या बरोबरीने चालते. हे सांगितलं नाही, तर डॉक्टरांनी हात टेकले असं समजून आईवडील गप्प होतात आणि पुढची निम्मी माहिती मिळतच नाही.

आधी कागदांची पिशवी मागून घ्या. आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडचं मूल बेळगावात आणि हुबळीत, निपाणीकडचं कोल्हापूर-मिरजेत दाखवलेलं असतं. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, गोळ्या कशा घ्यायच्या ते कन्नडमध्ये, आणि औषध देणारी आजी मराठी वाचणारी. घरातल्या सगळ्या बाटल्या, पाकिटं एका ताटात मांडून घ्या. दोन दवाखान्यांनी दोन नावांनी एकच पॅरासिटामॉल दिलेलं अनेकदा इथेच सापडतं.

मग वजन. आईला काट्यावर एकटी उभी करा, मग मुलाला घेऊन. फरक म्हणजे मुलाचं वजन. तीन महिन्यांपूर्वीच्या कार्डावरचा आकडा चालत नाही, कारण मुलांचं औषध किलोवर ठरतं. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे 12 किलोच्या मुलाला 120 ते 180 मिलिग्रॅम. 5 मिलीत 125 मिलिग्रॅम असलेलं सिरप 5 ते 7 मिली लागतं. 250 वालं त्याच्या निम्मं. ड्रॉप्समध्ये मात्र बहुधा 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम असतं. सिरप समजून ते 5 मिली पाजलं तर 500 मिलिग्रॅम पोटात जातं. म्हणून बाटलीवरचा आकडा स्वतः वाचा, घरचा चमचा बाजूला ठेवून 5 मिलीची सिरिंज द्या आणि आईकडून तुमच्यासमोर एकदा भरून घ्या. यकृताचा आजार असेल तर डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता दुखणं. सगळ्यात जास्त चूक इथे होते, कारण सगळे रडण्याची वाट पाहतात. बरेच दिवस दुखत असलेलं मूल रडत नाही; ते हलणं सोडतं, खेळणं सोडतं, भिंतीकडे तोंड करून पडून राहतं. आई म्हणते, "आता शांत हाय." तेव्हा विचारा: गेल्या आठवड्यात काय करत होता जे आज करत नाही? रात्री किती वेळा उठला? आंघोळीला उचलताना, कपडे बदलताना काय होतं?

बोलता न येणाऱ्या लहानग्यासाठी, साधारण 2 महिने ते 7 वर्षं, फ्लॅक (FLACC) ही दुखण्याला गुण देणारी मोजणी वापरा. पांघरूण काढा, हात न लावता दोन मिनिटं पाहा. झोपलेलं असेल तर पाच मिनिटं. चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, या पाचांना प्रत्येकी 0, 1 किंवा 2 गुण. कपाळाला मधूनमधून आठी असेल तर 1, हनुवटी थरथरते, दात सतत आवळलेले असतील तर 2. पाय अस्वस्थ, ताठ असतील तर 1, झाडतो किंवा पोटाशी घेतो तर 2. बेरीज 4 ते 6 म्हणजे मध्यम दुखणं, 7 किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालीवर ताबा नसलेल्या, मुलाचे पाय एरवीही ताठ असतात, म्हणून त्याच्या दुखण्याची खूण आईलाच विचारा आणि लिहून ठेवा: कुणी स्वतःच्या कानावर मारतो, कुणी श्वास धरतो.

चार वर्षांवरच्या मुलाला अजिबात न दुखण्यापासून खूप दुखण्यापर्यंतच्या सहा चेहऱ्यांचं चित्र दाखवा, पण विचारताना "कुठला चेहरा दुःखी" म्हणू नका, "तुला दुखतंय ते कुठल्या चेहऱ्याएवढं" असं म्हणा. आठच्या पुढे 0 ते 10 आकडा सांगता येतो. शब्द मात्र त्याचेच घ्या. कुणी "दुखालंय" म्हणेल, कन्नड शाळेतला "नोवू" म्हणेल, कुणी "मुंग्या चावतात", आणि मुंग्या, जळजळ म्हणजे नसांचं दुखणं असू शकतं; तसंच्या तसं लिहा.

जेवत नसेल तर भूक मेली असं ठरवण्याआधी बॅटरी लावून तोंड पाहा. पांढरे चट्टे, फोड असतील तर घास गिळताच येत नाही. शौचाला शेवटचं कधी झालं ते दिवसांत विचारा. मॉर्फिन (तीव्र दुखण्यावरचं औषध) सुरू असेल, तर त्याने शौचाला घट्ट होतं; सोबत पोट साफ होण्याचं औषध नसेल, तर आजच डॉक्टरांना फोन. श्वास पूर्ण 60 सेकंद मोजा. सतत पडून राहिल्याने जखमा होतात, म्हणून माकडहाड, टाचा आणि तान्ह्यांच्या डोक्याची मागची बाजू लालसर आहे का पाहा.

काही गोष्टींत थांबून चालत नाही. केमो (कॅन्सरवरचं औषध) चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, फिट पाच मिनिटांवर गेली, कॅन्सरच्या मुलाची पाठ दुखून पायातलं बळ गेलं किंवा लघवी अडली, की लगेच रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन.

थोडा वेळ मुलाजवळ एकटे बसा. त्याला किती सांगितलंय हे आईवडिलांकडून आधी समजून घ्या. त्याने "मी बरा होणार ना?" विचारलं तर खोटं बोलू नका, "तुला काय वाटतं?" विचारा आणि थांबा. भावंडांकडेही पाहा. शाळेत जायचं बंद झालेली मोठी बहीण बहुतेक घरात असतेच, आणि तिला कुणी काही विचारलेलं नसतं. आई किती तास झोपते, बाप किती दिवसांची मजुरी बुडवून गाडीभाडं भरतो, हेही त्याच कागदावर यायला हवं.

औषध दिल्यावर तासाभराने दुखण्याचा आकडा पुन्हा घ्या आणि पहिल्याशेजारी लिहा. उतरला नसेल तर तोच डोस पुढे रेटू नका, डॉक्टरांना कळवा. निघण्याआधी उरलेल्या बाटल्या मोजा. मॉर्फिन कोपऱ्यावरच्या औषध दुकानात मिळत नाही, मान्यताप्राप्त दवाखान्यातूनच आणावं लागतं, आणि पावसाळ्यात कणकुंबीकडून बेळगावला येणं सोपं नसतं. किती दिवसांचं उरलंय ते कागदावर सगळ्यात वर लिहा.